कॅचरवरचा खटला

आमच्या सांता रुफिनाच्या चौकात रोज सकाळी बेसबॉलवरून भांडायला जी मंडळी जमतात, त्यांत सगळ्यात म्हातारा मी आणि सगळ्यात मोठा आवाजही माझाच. त्यामुळे खटल्याचा न्यायाधीशही मीच. गाडीवान हे आमच्या संघाचं नाव. गाडीवानांचा एखादा मोठा खेळाडू संघ सोडून निघाला, की त्याला चौकातल्या झाडांखाली उभा करायचा आणि त्याने संघाला काय दिलं, काय घालवलं, याचा सगळ्यांसमोर निकाल लावायचा, ही आमची जुनी रीत. सुटला तर त्याचं नाव चौकातल्या भिंतीवर रंगवतात. भिंत बरीचशी रिकामीच आहे, कारण आम्ही फार खडूस लोक आहोत.

आरोप ठेवणारा वकील मात्र असा लागतो, ज्याचा त्या खेळाडूवर सगळ्यात जास्त जीव आहे. परक्याने शिव्या घातल्या तर त्यात काय मोठंसं?

या वेळी निघाला होता रेनिएर साल्दिव्हार, आमचा कॅचर. फलंदाजाच्या मागे, होम प्लेटपाशी उकिडवं बसून चेंडू झेलता झेलता त्याच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. आता निकाराग्वात पोरांना शिकवायला चालला होता. वकील कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. त्याची आई, एदेल्मिरा. मुलाच्या प्रत्येक सामन्याला ती तिसऱ्या बेसच्या बाजूला बसायची आणि पंचांच्या सात पिढ्या उद्धरायची.

खटल्याच्या सकाळी ती माझ्याकडे कॉफीला आली.

"ओरेस्तेस, निकाल नीट लाव."

"वशिला लावायला आलीस होय?"

"वशिला कसला, मेल्या! तो जाईल विमानात बसून. मला इथेच राहायचंय, त्या चेंडूसोबत. पावाच्या रांगेत अजून कुणीतरी म्हणतंच, तुझ्या पोराने कप घालवला. मी मुकाट ऐकून घेते."

"तू आणि मुकाट? उत्तर दे की!"

"देता येत नाही. त्याच्या बाजूने बोलणार नाही, असा त्याला शब्द दिलाय," म्हणाली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेली.

तो चेंडू आमच्या गावात कुणाला सांगावा लागत नाही. अंतिम सामना, शेवटची इनिंग, दोन्ही संघ बरोबरीत, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस टपलेला. पिचर होता योस्बेल, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. त्याने टाकलेला चेंडू रेनिएरच्या हातमोज्याखालून निसटून मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिसऱ्या बेसवरचा माणूस पळत होम प्लेटवर आला, त्यांची धाव झाली आणि कप गेला. त्यानंतर आम्ही अंतिम सामना पाहिला तो टीव्हीवर, दुसऱ्यांचा.

दुपारी चौक गच्च भरला. एदेल्मिरा लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती. तिने सुरुवातच त्याच्या धावण्यापासून केली.

"उसाने भरलेली बैलगाडी याच्या आधी पहिल्या बेसला पोचते! संघाचं नाव गाडीवान म्हणून यानेच काय ते मनावर घेतलं."

लोक खदाखदा हसले. रेनिएरही हसला.

"पण वकीलबाई, हा मागे असताना नजर चुकवून पळत दुसरा बेस चोरायची कुणाची छाती होती?" मागून कुणीतरी ओरडलं.

"छाती होती, पण पोचायच्या आत याचा चेंडू पोचायचा!" दुसरा म्हणाला. मग सगळेच बोलायला लागले. याने हाताखाली घेतलेले किती पिचर आज देशाच्या संघात खेळतात, तुटक्या बोटाला पट्टी बांधून हा कसा खेळला, वगैरे. मी ओरडून त्यांना गप्प केलं. मनातून मात्र मला फार बरं वाटत होतं. तो आमचा होता.

"आता शेवटचा आरोप," एदेल्मिरा म्हणाली. "अंतिम सामन्यातला चेंडू."

रेनिएरचं हसू गेलं. "आई, ते नको."

"आरोपीने मध्ये बोलू नये," मी दटावलं.

"सांग, चेंडू कसा सुटला?"

"सुटला. माझी चूक."

"बघा, कबूल करतोय! या माणसाने अख्ख्या गावाचा कप मातीत घातला. आणि याचं नाव भिंतीवर? मान वर करून लोकांकडे बघायची लायकी तरी आहे का याची?"

"बस कर ग, एदेल्मिरा!" बायका ओरडायला लागल्या. ती थांबेना. चढ्या आवाजात बोलतच राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती मुलाकडे बघतच नव्हती. ती मागच्या बाकाकडे बघत होती. तिथे योस्बेल बसला होता. आता देशाचा पहिल्या नंबरचा पिचर, खास या खटल्यासाठी राजधानीतून आलेला.

"थांबा," योस्बेल उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्याने बोटांनी खूण केली होती सरळ चेंडूची. मी घाबरलो होतो, उलटीच वाचली. वळणारा टाकला. सरळ चेंडूसाठी बसलेल्या माणसाला तो कसा पकडता येणार?"

"योस्बेल, खाली बस!" रेनिएर गरजला.

"नाही बसणार, दादा. फार वर्षं बसलो." तो लोकांकडे वळला. "सामना संपल्यावर हा माझ्याजवळ आला. म्हणाला, हा माझ्या हातून सुटला, कळलं? मला शिव्या दिल्या तर लोक देऊन देऊन थकतील. तुला दिल्या तर तू पुन्हा चेंडू हातात धरणार नाहीस."

"दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपला तर खूण दिसली असणार!" एक चिकित्सक ओरडला.

"त्यालाही यानेच गप्प केलं," योस्बेल म्हणाला आणि ओंजळीत तोंड लपवून खाली बसला.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. आमच्या चौकातले खडूस म्हातारे बाकांवर चढून रेनिएरच्या नावाने ओरडत होते. कप येतात, जातात. असा माणूस आमच्या मातीत निघाला, याचा मला त्या दुपारी इतका अभिमान वाटला, की तो सुटल्याचा निकाल सांगताना माझा एवढा मोठा आवाज पार फाटला.

"वकीलबाई, आरोप मागे घेता?" मी विचारलं. निकालानंतर हे विचारायची रीतच आहे.

"घेते," ती म्हणाली. "सगळे."

रेनिएर लंगडत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रागावला होता, की रडत होता, कळेना.

"आई, तू शब्द मोडलास."

"मी कुठे मोडला?" एदेल्मिरा म्हणाली. "मी तर सबंध दुपार तुझ्या विरुद्धच बोलले."