आपल्या फोल्डरपुरतं

दक्षिणेतल्या केटाच्या समुद्रकाठावरून सेफाकोर दूर उत्तरेतल्या तामालेच्या भुईमूग संशोधन केंद्रात आली, तेव्हा हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ सुरू झाली होती. केंद्रात सगळे दगबानी बोलत. तिला ती येत नव्हती. दुपारी ते अंगणात एकत्र टुओ झाफी खायला बसत, तिलाही हाक मारत. पण ती बसली की सगळ्यांना इंग्रजीत बोलावं लागे आणि गप्पा आटत. मग तिने जाणं सोडलं.

तिचं काम रोपांच्या जनुकांचं. त्याची आकडेमोड राजधानी आक्रातल्या मोठ्या सर्व्हरवर चाले. अनेक केंद्रांतले लोक तो दुरून वापरत. तिला हवा तो प्रोग्रॅम त्यावर नव्हता. तिने ॲडमिनला फोन केला.

"मॅडम, तुमच्या एकटीसाठी सगळ्यांच्या मशीनला हात लावू? तुमच्या होम फोल्डरात हवं ते मांडा. त्याच्या बाहेर काही नाही."

मग तिने तिथेच मांडायला घेतलं. प्रोग्रॅमला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, हवी; ती आणली की तिला दुसरी हवी. मध्येच वीज जाई, पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हर फुसेनी दारातून म्हणे, "मॅडम, मशीन ऐकत नाही वाटतं. लग्न करा तिच्याशी, मग तुम्हीच तिचं ऐकाल." ती हसे. तो निघून जाई.

एका दुपारी प्रोग्रॅम चालला. तिने आईला फोन लावला, "आई, प्रोग्रॅम चालला!"

"चालला? कुठे चालला?"

"कुठे नाही गं. इथेच."

"बरं. मासे मिळतात का तिथे?"

काही दिवसांनी तिला दिसलं, तिच्या फोल्डरातला प्रोग्रॅम दुसरंच कोणी चालवतंय. नाव अयामगा. फोल्डर तिने इतरांना बंद केला नव्हता. तिने सर्व्हरवरूनच त्याच्या पडद्यावर ओळ पाठवली, "आपण कोण?"

"नाव्रोंगोच्या केंद्रातून. ज्वारीवर काम करतो. ॲडमिनने मलाही वाटेला लावलं. तुमचं आयतं दिसलं, घुसलो. राग आला?"

"नाही. वापरा." थोडं थांबून तिने लिहिलं, "तिथे एकटेच असता का?"

तेवढ्यात जोडणी तुटली. परत आली तेव्हा तो गेलेला होता. पुढे त्याचं नाव रोज दिसे. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

पावसाआधी तिचा करार संपला. सर्व्हरवरचं खातं बंद होणार होतं. तिने त्याला कळवलं, "सगळं तुमच्या फोल्डरात उतरवून घ्या."

"घेतलं. फार उपकार झाले, भाऊ."

ती दुरुस्त करायला दोन शब्द लिहू लागली, मग पुसले. "सांभाळून वापरा," एवढंच पाठवलं आणि बस गाठायला निघाली.