स्टुडिओतला कोट

मुश्ताकने तिसरी हार्ड डिस्क जोडली, सैल झालेली वायर बोटाने दाबून धरली आणि हिरवा दिवा लागल्यावरच हात काढला. काउंटरपलीकडे अंजनाबाई स्टुलावर बसल्या होत्या. पहिल्या एसटीने भद्रावतीला आल्या, तेव्हापासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांचा मुलगा अश्वजित ट्रकखाली गेला त्याला नऊ दिवस झाले होते. रविवारी जलदान विधी. बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवायला त्याचा फोटो हवा, आणि घरात एकही नव्हता; मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला होता. मतदान कार्डावर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी याच दुकानात आठ प्रती काढल्या होत्या, त्या आठही अर्जांबरोबर गेल्या. माझ्याकडचा फोटो कुठं जात नाही, असं मुश्ताकने सकाळी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

आता सांगून बसला खरा! एक डिस्क भरली की दुसरी आणायची आणि कशात काय आहे ते डोक्यात ठेवायचं, ही त्याची तऱ्हा. पहिलीत लग्नं निघाली, दुसरीत तीच लग्नं पुन्हा. तिसरीत मात्र पासपोर्ट फोटो होते, हजारांनी, नावं नाहीत, नुसते नंबर. तो एकेक पुढे सरकवू लागला. सगळे पुरुष कोट-टायमध्ये. खेड्यातून बनियनवर आलेला माणूसही मुश्ताककडून साहेब होऊनच बाहेर पडायचा. कॉम्प्युटरात कोट एकच होता, त्यावर ज्याचं त्याचं मुंडकं बसवायचं.

अंजनाबाई एकदम पुढे वाकल्या.

"थांबा भाऊ. ह्या कॉलरीवरचा रफू माह्या हातचा हाय. उंदरानं कुरतडली होती."

मुश्ताकने मोठं करून पाहिलं. काळ्या कॉलरवर बारीक, तिरके टाके होते. दोन वर्षं रोज पाहत होता, पण दिसले नव्हते. मग त्याला तो पोरगा आठवला. स्वतःचा कोट घालून आलेला, खांद्यावर छान बसलेला. प्रती देऊन झाल्यावर आपण फोटोतलं त्याचं डोकं पुसलं होतं, कोट कामाला येईल म्हणून. दुसरं नाव देऊन ठेवायचं राहिलं, त्याच फोटोवर सेव्ह झालं.

तरी त्याने चौथी डिस्क जोडली. कोटाच्या फाइलचा होता तोच नंबर उघडला. वर पांढरी मोकळी जागा, खाली कोट. फोटो हरवू नये म्हणून त्याने दोन्ही डिस्कांत जपून कॉपी केली होती, ती ह्याचीच.

"तोंड कुठी गेलं, भाऊ?"

खोटं बोलायची सोय होती, डिस्क बिघडली म्हणता आलं असतं.

"मीच पुसलं, बाई. चुकून. आता कुठंच नाई."

अंजनाबाई पदर तोंडावर धरून कोटाकडे पाहत राहिल्या.

तेवढ्यात एक माणूस दारात चप्पल काढून आत आला. भरतीचा फॉर्म भरायचा होता, कोटवाला फोटो पाहिजे म्हणाला. मुश्ताक पाठ फिरवून, कोट नाई आता, असं कसंबसं पुटपुटला.

अंजनाबाईंनी त्या माणसाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याच्या शर्टाची बाही खांद्याशी उसवली होती.

"घालू द्या त्याले," त्या म्हणाल्या. "पोरानं दोनदाच घातला होता."