न फुटणारे थेंब

महापेच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत उन्नती आणि तेजस एकाच कामावर होते. पाण्याच्या बारीक थेंबांत एन्झाइम भरायचं, थेंबांभोवती सिलिकाच्या सूक्ष्म कणांचं कवच बसवायचं आणि ते तेलात ढवळत ठेवायचे. थेंबांच्या कडेला अननसाच्या वासाचा अर्क तयार व्हायचा. वरचं तेल ओतून घ्यायचं आणि तळाला बसलेल्या थेंबांवर नवं तेल घालायचं. तेच एन्झाइम पुन्हा कामाला.

उन्नतीचे थेंब मात्र दोन-तीन फेऱ्यांत फुटायचे, पाणी वेगळं व्हायचं. तेजसची बाटली पंधरवडाभर घमघमत राहिली. हा लवकर येतो, दार आतून लावतो, आपण जवळ गेलो की बाटलीपुढे आडवा उभा राहतो, हे तिच्या लक्षात आलं. नक्कीच हा गुपचूप ताजं एन्झाइम घालत असणार. तिनं सरळ प्रयोगशाळेच्या प्रमुख जयमाला मॅडमना सांगितलं.

मॅडमनी आपल्यासमोर तेजसच्या हातून नवं तेल घालून घेतलं, बाटलीच्या झाकणावर सही केलेली पट्टी चिकटवली आणि ती आपल्या केबिनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टी तिघांसमोर फाडली. पुन्हा तोच वास. तपासणीतही अर्क पुरेपूर निघाला.

"मग दार कशाला लावायचास?" उन्नतीनं विचारलं.

तेजसनं मान खाली घातली. "मी ढवळतच नाय. ढवळायची ती चुंबकाची कांडी बाटलीत फिरली की थेंब चिरडतात. नुसतं ठेवलं तरी काम होतंय. पन पद्धतीत ढवळायचं लिवलंय ना! मॅडम ओरडतील म्हनून कोनाला बोललो नाय."

"ओरडलेच असते," मॅडम म्हणाल्या. "मग ऐकूनही घेतलं असतं."

उन्नतीनं आपलीही बाटली न ढवळता ठेवली. थेंब टिकले. जेवणाच्या सुट्टीत ती तेजसच्या टेबलापाशी गेली.

"सॉरी. आधी तुलाच विचारायला हवं होतं."

"हां. पाठीमागनं सांगितलंस ना, ते लागलं."

"आता विश्वास बसला माझा."

"तुझा बसला," तो म्हणाला आणि डबा बंद करून उठला.

सोमवारी त्यानं मॅडमकडे दुसरं काम मागून घेतलं. दोन्ही बाटल्या आता उन्नतीच सांभाळते.