शेजारच्या सीटचा ब्रेक

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणत मिस्त्रीनं ब्रेकचं झिजलेलं पॅड मास्तरांच्या हातावर आपटलं. "माझ्या मालाला नावं ठेवायच्या आधी हे बघ. कागद झालाय नुसता. लोखंडाला लोखंड घासतंय."

मास्तरांनी पॅड उलटंपालटं करून पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाक काढून बाजूला ठेवलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या डिस्कवर तापल्याचे निळसर डाग पडले होते.

"नकली असणार," तरीही मास्तर म्हणाले. "मागच्या वेळीही तूच टाकलेस."

"तेच पॅड मी माझ्या जावयाच्या गाडीला टाकलेत. जावयाला नकली माल घालीन का मी?" मिस्त्रीनं विचारलं. मग जरा विचार करून तो म्हणाला, "या जावयाला घातलाही असता. पण नाही घातला."

मास्तर हसले नाहीत. एरवी ते आधी हसले असते. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणून त्यांना सगळं शहर ओळखत होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यावर शिव्या घातल्या होत्या. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला, डोळे मिटून बसला, तर मास्तरनं तो दाबायचा. त्या एका ब्रेकवर मास्तरांनी संसार केला, मुलीचं लग्न केलं, आणि कधी कुणाला खरचटूही दिलं नाही. बढाई मारायची सवय नसलेला हा माणूस तेवढी एक बढाई मात्र मारायचा.

"पॅडवर भागायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "डिस्कही गेल्यात. खर्च दुप्पट धर. जास्तच, पण कमी नाही."

मास्तर तिथल्या जुन्या टायरवर बसले. स्कूलचा नियम असा होता, की ब्रेक वेळेआधी गेले तर निम्मा खर्च मास्तरच्या पगारातून. नियम थोरल्या शेठनं केला होता, आता धाकटा चालवत होता. मागच्या वेळी पैसे कापले गेले तेव्हा बायकोनं दाताचं काम पुढे ढकललं. ती अजून एकाच बाजूनं चावत होती आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. तिनं चार शब्द ऐकवले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

मिस्त्रीनं नवे पॅड आणि डिस्क बसवल्या. गाडी जॅकवर होतीच. हात पुसत तो म्हणाला, "मास्तर, बस आत आणि चार वेळा पेडल मार. पॅड बसू देत जागेवर."

मास्तर सवयीनं ड्रायव्हरशेजारच्या आपल्याच सीटवर बसले आणि त्यांनी पेडल मारलं.

"बास. सोड."

"सोडलं."

मिस्त्रीनं डिस्क हातानं फिरवायला घेतली. ती हलेना. त्यानं जोर लावला. ती थोडी सरकली आणि घासून थांबली. "च्यायला, मीच काहीतरी उलटं बसवलं वाटतं," असं पुटपुटत त्यानं सगळं पुन्हा खोललं, पुसलं, पुन्हा लावलं.

"मार पेडल. हां. सोड आता."

"सोडलं रे."

डिस्क हलेना.

"पाय काढ म्हणतोय, मास्तर."

"काढलाय! कितीदा सांगू? काखेत कळसा अन् गावाला वळसा चाललाय तुझा. तुझंच काहीतरी चुकलंय."

मिस्त्री उठला. गाडीला वळसा घालून मास्तरांच्या दाराशी आला आणि आत वाकला. मग तो काही बोलेना. एरवी त्याच्या तोंडाला ब्रेक नसायचा, म्हणून मास्तरांनी त्याच्या नजरेमागे नजर नेली आणि खाली पाहिलं.

त्यांचा उजवा पाय पेडलवरच होता. आरामात, जसा काही घरच्या पलंगावर पसरलेला.

मास्तरांनी पाय काढला. तो निघाला. तिकडे डिस्कवरची पकड टक् करून सुटली.  मास्तर उघड्या डोळ्यांनी घाबरले, पोरासारखे.

"मुंग्या आल्या असतील," ते म्हणाले. "बसून बसून."

"मुंग्या आल्या की कळतं, मास्तर. मुंग्या आल्यात हे तरी कळतं." मिस्त्री दाराशीच उकिडवा बसला. "शुगर आहे ना तुला?"

"आजकाल कुणाला नाही?"

"पायाचं कधीपासून?"

 मास्तरांना आठवायचं ते आठवलं. मध्यंतरी बुटात एक स्क्रू शिरला होता आणि ते दिवसभर त्याच्यावर चालले होते. संध्याकाळी बायकोनं मोज्यावरचं रक्त पाहिलं आणि ती रडायलाच लागली. मास्तर तिला म्हणाले होते, "बरं झालं की, दुखलं नाही ते!" तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मास्तरांच्या तळपायाला खरोखरीची आग लागली असती तरी मस्तकाला वास आल्यावरच कळलं असतं.

"म्हणजे दिवसभर तू ब्रेकवर पाय ठेवून बसतोस," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "आणि पॅड माझे खराब." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "झिजलं ते झिजलं, खर्चाचं सोड. आज पाय काढायचा राहिला. उद्या ठेवायचा राहील. तू म्हणशील दाबला, आणि पाय असेल खाली रबरावर. मग?"

मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर पाने टांगलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"बिलावर कॅलिपर जाम लिहितो," उठत मिस्त्री म्हणाला. कॅलिपर म्हणजे पॅड दाबून धरणारा पंजा. तो जाम झाला तर त्यात चालवणाऱ्याचा दोष नसतो. "सगळा खर्च शेठ भरेल. तुझ्या पगाराला धक्का लागणार नाही. पण पुढचं तुझं तू बघ. मला विचारू नकोस."

मास्तरांनी बिल घेतलं. नको म्हणावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण हात आधी पुढे झाला.

स्कूलचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. खुर्चीवर धाकटा शेठ बसला होता. त्यानं बिल वाचलं, कपाळाला हात लावला, आणि मग त्याचा चेहरा वेगळाच झाला.

"म्हणजे कॅलिपरचं होतं हे सगळं? मास्तर, मग मागच्या वेळीही तेच असणार. उगाच तुमचे पैसे कापले मी." त्यानं मान खाली घातली. "या पगारात परत घालतो. बाबा असते तर त्यांनी आधीच ओळखलं असतं."

शेठ ओरडला असता तर मास्तर निभावून गेले असते. "बघा, तुमचं तुम्ही," असं काहीतरी बोलून ते बाहेर आले.

बाहेर शिवणवाल्या बाई वाट बघत उभ्या होत्या. बाईंच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता आणि त्याची गाडी दाराशी धूळ खात होती. त्याला दवाखान्यात न्यायला दर वेळी कुणाच्या तरी पाया पडावं लागे. या पाया पडण्याला कंटाळून बाई आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगला बसल्या होत्या. जन्म शिलाई मशीनवर गेलेला. घाबरल्या की दोन्ही पाय एकदम चालवायच्या, आणि गाडी उसळत, आचके देत पळायची. "बाई, शिवायचं नाही, चालवायचंय," असं मास्तर म्हणायचे आणि ब्रेक दाबायचे.

"मास्तर, आज गर्दीच्या रस्त्यानं नेता का?" बाई म्हणाल्या. "दवाखान्याची वाट तिकडूनच आहे. तुम्ही शेजारी असलात की मला भीती नाही वाटत. खरं सांगू? पाय चुकला तरी म्हणते, मास्तरांचा आहे ना."



"थांबा जरा," ते म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

"शेठ, कॅलिपर चांगला आहे. माझा पाय होता तो."

शेठला कळलं नाही. मास्तरांना पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. "पाय कळत नाही मला. ब्रेकवर आहे की नाही, वाकून बघावं लागतं. मिस्त्रीला बोल लावू नका, माझ्यासाठी लिहिलं त्यानं. पैसे माझे कापा. सगळे कापा."

शेठनं बिलाची घडी घातली. "निम्मेच," तो म्हणाला. "नियम निम्म्याचा आहे." मग त्यानं ऑफिसभर नजर फिरवली, त्या एका टेबलावरून, त्या एका खुर्चीवरून. "तुमच्यासाठी इथलं काहीतरी... बघू आपण."

हे 'बघू' मास्तरांच्या चांगलं ओळखीचं होतं. ज्याला गाडी कधीच येणार नाही अशा शिकाऊ माणसाला ते स्वतः असंच सांगत आले होते.

स्कूलमध्ये दुसरे एक मास्तर नुकतेच लागले होते, बसवरून निवृत्त झालेले. सगळे त्यांना बसवालेच म्हणत. शेठनं त्यांना बोलावलं. पण बाई ऐकेनात. "मास्तर मागे बसणार असतील तरच मी गाडी काढते. नाहीतर चालले घरी." बसवाले समजूतदार होते. "बसा मास्तर," ते म्हणाले, "मलाही धीर येईल."

मास्तर मागचं दार उघडून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी या गाडीची मागची सीट कधी पाहिलीच नव्हती. तिथे कुणाची तरी पेन्सिल पडली होती, गादीला भोक होतं. पुढे काचेतून दिसायचा तेवढा रस्ता इथून दिसत नव्हता. बाईंच्या डोक्यामागून, बसवाल्यांच्या खांद्यावरून मिळेल तेवढाच.

बाईंनी गाडी बरी काढली. मास्तर गप्प बसायचं ठरवून बसले होते, पण पहिल्याच वळणाला त्यांच्या तोंडून "आरसा" निघालं, आणि दुसऱ्याला "हात सैल सोडा." बसवाल्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. बाजार लागला तशी बाईंची मान ताठ झाली. मास्तरांना वाटलं, ही शिकेल. नवऱ्याला नेईल दवाखान्यात. तेवढ्या एका विचारानं त्यांना जरा बरं वाटलं.

आणि उभ्या टेम्पोच्या आडून एक म्हातारा, हातात पिशवी घेऊन, सरळ गाडीपुढे आला.

बाईंचे दोन्ही पाय एकदम चालले. गाडी उसळली. मास्तरांनी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. त्यांचं अंग कमरेपासून ताठ झालं, दात आवळले गेले, मुठी वळल्या. गाडी आचका देऊन थांबली आणि बंद पडली. म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात टेकला, आत बघितलं, आणि पिशवी सावरत तो रस्ता ओलांडून गेला.

पुढे बसवाले ब्रेकवर पाय रोवून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"वाचवलंत, मास्तर," बाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. डोळे अजून मिटलेलेच होते.

मास्तर खाली वाकले. बसताना जिथे ठेवला होता तिथेच उजवा पाय होता, पुढच्या सीटखाली, जरा कलंडलेला. तो हललासुद्धा नव्हता. बुटाची लेसही जशीच्या तशी होती.

मागून हॉर्न वाजायला लागले. मास्तर सरळ बसले.

"डोळे उघडा, बाई," ते म्हणाले. "क्लच दाबा. आता न्यूट्रल. हां. मागच्यांना ओरडू देत. सावकाश चावी फिरवा."