गॅडिसांची जागा

खासदार डेल गॅडिसला माती देऊन मंडळी चर्चच्या हॉलमध्ये जेवायला आली, तेव्हा वेंडेल प्रूट हॅमच्या ताटाशी आधीच हजर होता. हा पक्षाचा जिल्हाध्यक्ष. दफनाच्या वेळी खराखुरा रडला होता बिचारा, पण रडतानाही त्याचा एक डोळा पोटनिवडणुकीवर होता.

"नाव गॅडिसच पाहिजे, लोरेना," तो डेलच्या बायकोला म्हणाला. "तू नुसती काळ्या कपड्यात उभी राहा. भाषणांचं आम्ही बघतो."

"मला नाही जमायचं. पोरीला, टेसला घेऊन मी बहिणीकडे चाललेय, ओरेगॉनला."

वेंडेलनं ऑगस्टाबाईंकडे, तिच्या सासूकडे, पाहिलं. केंटकीच्या या डोंगरात खासदार व्हावं ते गॅडिसांनीच. डेलचा आजा, मग बाप. बाप तडकाफडकी गेला तेव्हा ऑगस्टाबाई. विधवेनं जागा धरून ठेवायची आणि पोर वयात आलं की त्याला द्यायची, अशी इथली रीत. बसमध्ये रुमाल टाकावा तसा या घरानं बायकांचा जन्म टाकला होता.

लोरेनाची सगळी भिस्त आता सासूवर. हिनं भोगलंय, ही तरी 'जा' म्हणेल.

"मलाही नको होतं गं," ऑगस्टाबाई म्हणाल्या. लोरेनाला हुंदका आला, सुटले असं वाटलं. "पण तू नाही म्हणालीस तर हे लोक आतापासून टेसच्या कानाशी लागतील. तू बस. पोर तरी सुटेल."

टेसला घोड्यांची डॉक्टर व्हायचं होतं.

"तिला कुणी या भानगडीत ओढायचं नाही," लोरेना म्हणाली.

"शब्द देतो," वेंडेल म्हणाला.

"मग राहते उभी." तिला स्वतःची शिसारी आली. आता पोरीला जवळ घ्यावं म्हणून ती वळली.

सतरा वर्षांची टेस दारात उभी राहून पाहुण्यांना निरोप देत होती. एक हात त्यांच्या हातात, दुसरा कोपरावर. अगदी डेल करायचा तसं.

"एल्मरकाका, गुडघा काय म्हणतोय? आणि नातवाचं खाणीतलं काम टिकलं ना?"

म्हातारा डोळे पुसत बाहेर पडला.

"टेस, ये बाळा, दोन घास खाऊन घे."

"आलेच हं आई, एवढी मंडळी जाऊ दे," असं म्हणून तिनं मागे न बघताच पुढच्याचा हात हातात घेतला.

ऑगस्टाबाईंनी लोरेनाचं मनगट घट्ट धरलं.

"ह्यांना पुरून आलो त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "डेलही तिथंच उभा होता."