पत्र्याखालची उष्णतेची लाट

डॉ. सुजित देवस्थळी समुद्रशास्त्रज्ञ होते, पण समुद्रात त्यांच्या पँटची दुमडही कधी भिजली नव्हती. चिखलात उतरायला त्यांनी कल्पिताला ठेवलं होतं, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर.

काशीदजवळच्या खाडीत तिने पाण्याचं तापमान मोजणारा एक डबा खांबाला बांधला होता. त्याच्या नोंदी सिमकार्डावरून थेट सरांच्या संगणकावर जात. एप्रिलमध्ये कल्पिताला कावीळ झाली आणि ती दीड महिना तळा गावी, घरी पडून राहिली. त्याच काळात खाडीचं पाणी दुपारी चव्वेचाळीस अंशांवर जाऊ लागलं. एवढ्या पाण्यात मासे जिवंत कसे, हा प्रश्न कुठल्याही कोळणीला पडला असता. सरांना पडला नाही. त्यांनी आठ दिवसांत शोधनिबंध लिहून छापून आणला.

बरी होऊन कल्पिता खाडीवर गेली, तर खांबच नव्हता. तिथे मासे धरणाऱ्या धर्माजींनी तिला अंगणात नेलं. डबा पत्र्याखाली टांगलेला होता.

"उधाणात खांब मोडला. डबा व्हावत चाललेला. म्हनलं, बाईंचा हाय, सुकवून ठेवू."

"कधीची गोष्ट?"

"म्हैना झाला असंल."

तिने सरांना फोन लावला. "सर, ते तापमान पाण्याचं नाही. धर्माजींच्या पत्र्याचं आहे."

सरांनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"धर्माजींना."

"ते जर्नल वाचतात?"

"नाही."

"मग झालं तर."

ज्या माणसासमोर ती तीन वर्षं उभ्याने बोलत आली होती, त्याची तिला शिसारी आली. त्याच संध्याकाळी तिने फोटोसकट संपादकांना लिहिलं. जर्नलने निबंध मागे घेतला. त्याआधीच सरांनी निधी संपल्याचं सांगून तिचा करार संपवला होता. ती तळ्याच्या कॉलेजात शिकवू लागली.

विज्ञान दिनाला ती मुलांना घेऊन अलिबागला गेली. प्रमुख वक्ते देवस्थळी. विषय, संशोधनातला प्रामाणिकपणा.

"एका शंकेखातर मी स्वतःचा निबंध मागे घेतला," ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांनी चष्मा पुसला.

नंतर चहाच्या टेबलाशी त्यांनी तिला ओळखलं. "अरे कल्पिता! काय करतेस हल्ली?"

"शिकवते."

"उत्तम. मुलांना आधी चारित्र्य शिकव."

कल्पिताला हसू आवरेना. आजूबाजूचे वळून बघू लागले. मग ती म्हणाली, "देवस्थळी, जरा बाजूला सरा. माझ्या मुलांना चहा घ्यायचाय."

ते सरले.