छातीभर पाण्यातली फुगडी

हृदयाच्या डॉक्टरांनी जिने, जड पिशव्या आणि लोणचं बंद केलं, तेव्हा हेमाताई परांजपे मान डोलावत राहिल्या. फुगडी बंद म्हटल्यावर मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, श्रावणात आमच्या नातीची, श्रियाची, पहिली मंगळागौर आहे. तिच्याबरोबर फुगडी घालीन असा शब्द दिलाय मी."

"काकू, एक जिना चढलात तर धाप लागते तुम्हाला."

"फुगडीत जिना कुठे असतो?"

डॉक्टरांनी भाऊंकडे, म्हणजे हेमाताईंच्या यजमानांकडे पाहिलं. भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी ठरलं ते असं: हेमाताईंनी पाण्यातला व्यायाम करायचा. पाणी अंगाचा भार उचलतं, गुडघे कुरकुरत नाहीत आणि हृदयालाही बेताबेताने कष्टांची सवय होते. श्रावणाच्या तोंडावर तपासणी करायची, मग फुगडीचं बघायचं.

हेमाताईंच्या हे जिव्हारी लागलं. त्यांचं माहेर टेंभी नाक्याच्या मागच्या चाळीत. तेव्हा ठाण्यात टांगे होते आणि मंगळागौर रात्रभर जागायची. हेमा फुगडीला उभी राहिली की खालच्या मजल्यावरचे दामले भिंतीवरचं घड्याळ उतरवून मांडीवर घेऊन बसत. आणि आता म्हणे बघू!

डोंबिवलीत घराजवळच्या जलतरण तलावावर दुपारी फक्त बायकांची वेळ असे. पोहण्याचा पोशाख पाहून हेमाताईंना संकोच वाटला, म्हणून त्यांनी वरून भाऊंचा शर्ट चढवला. पाण्यात पाय टाकताच शर्टात हवा शिरली आणि त्या कढईतल्या पुरीसारख्या टम्म फुगून वर आल्या.

"अगं बाय, शर्ट काढ, नाहीतर जाशील पार दुसऱ्या टोकाला," पाण्यात शेजारी उभ्या असलेल्या गंगुबाई म्हणाल्या. जवळच्याच गावातल्या या गंगुबाईंना पाण्याचं भय असं नव्हतंच. त्यांनी हेमाताईंना कॉलरला धरून काठाशी आणलं आणि तिथून दोघींची गट्टी जमली.

शिकवणारी सोनल चांगली होती, पण तिचा व्यायाम भारी मिळमिळीत. जागच्या जागी चाला. हात पसरा. पाणी ढकला. परत चाला.

"याच्यापेक्षा भिजत घातलेला साबुदाणा जास्त हलतो," हेमाताई पुटपुटल्या.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"हात दे."

सोनल फोन घ्यायला वळली तेवढ्यात दोघींनी हात गुंफले, पायाला पाय लावले आणि छातीभर पाण्यात फुगडी धरली. हेमाताई मागे रेलल्या. पाण्याने त्यांची पाठ उचलून धरली. त्या आणखी रेलल्या. इतकं रेलायला तर विशीतही कधी जमलं नव्हतं. बघता बघता पाणीही गरगरू लागलं आणि फोमचे दांडे धरून शांतपणे तरंगणाऱ्या बाकीच्या बायका ताकातल्या लोण्यासारख्या गोल फिरू लागल्या. सोनलने जोरात शिट्टी फुंकली.

"आजी, हे काय चाललंय?"

"व्यायाम," गंगुबाई म्हणाल्या.

सोनलने रागारागाने हेमाताईंची नाडी धरली, घड्याळात पाहिलं आणि तिचा राग ओसरला. ठोके हवे तिथेच होते. त्या दिवसापासून रोज शेवटी फुगडी ठरली, फक्त उथळ भागात आणि दांडेवाल्यांना आधी बाहेर काढून.

श्रावणाआधी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले. "बरीच सुधारणा आहे, काकू. घाला फुगडी. पण एकच, आणि हळू."

मंगळागौर ठाण्यातल्या एका हॉलमध्ये होती. पूजा झाली, खेळ सुरू झाले. श्रियाने पदर खोचला आणि आजीपुढे हात केले. पायाला पाय लागले. एक गिरकी झाली, दुसरी झाली आणि इतक्या दिवसांच्या सवयीने हेमाताई मागे रेलल्या, पाण्यावर रेलावं तशा.

मागे पाणी नव्हतं. हात सुटले. हेमाताई भिंतीशी रचलेल्या गाद्यांवर बसत्या झाल्या आणि फुलासारखी श्रिया भिरभिरत गेली ती थेट उसळीची वाटी घेऊन बसलेल्या आपल्या सासूबाईंच्या मांडीवर, मटकीसकट.

भाऊ प्रेशरचं मशीन घेऊन धावले. "हलू नकोस." पट्टा गुंडाळला, मशीन घरघरलं. आकडा पाहून भाऊ म्हणाले, "हिचं ठीक आहे. मला जरा बसू दे."

"अहो, तुम्ही बसाच," म्हणत हेमाताई उठल्या. "श्रिया, ये गं."

"आता नाही. डॉक्टर एकच म्हणाले होते," भाऊंनी अडवलं.

"पहिली पुरी कुठे झाली? अर्धवट झालेली मोजतात का?"

भाऊंनी मदतीसाठी श्रियाच्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या नव्या पैठणीवरची मटकी एकेक करून वाटीत परत टाकत होत्या.

"आजींचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घाला फुगडी. पण आधी हिला कोणीतरी माझ्या मांडीवरून उचला."